कमानपट्टीचा सुरा : नारळ सोपा, चुंगडी अवघड

आठवडी बाजारात लोहाराकडे मिळणारा कमानपट्टीचा, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून घडवलेला, सुरा विदर्भातल्या शेतावर हमखास लागतो. इथे पाहतो आहोत तो नेहमीचा नमुना: पाते ८ इंच, पाठ ४ मिलिमीटर जाड, बाभळीची मूठ, मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी, भाव घासाघीस करून २५० रुपये. सुरा घेण्यासारखा आहे. मात्र बाजारातून आणला तसाच कामाला लावू नका, आणि कशावर चालवायचा नाही हेही आधी ठरवून घ्या.

विकणारा हिरव्या बांबूवर किंवा वाळल्या नारळावर घाव घालून दाखवतो. त्यावरून धार कळत नाही. बांबू उभा फाटतो, करवंटी तडकते. तिथे वजन आणि पाठीची जाडी काम करते. धारेची परीक्षा मऊ वस्तूंवर होते. ज्या फुटत नाहीत, ताणतात आणि पात्याला धरून ठेवतात, त्याच कापायला सगळ्यांत अवघड.

पहिली खताची चुंगडी. ती चपट्या प्लास्टिक पट्ट्यांनी विणलेली असते. पाते टेकवले की पट्ट्या कापल्या जाण्याऐवजी बाजूला सरकतात, गोळा होतात आणि धारेखाली जाड गुंडी तयार होते. मग जोर लावावा लागतो, सुरा निसटतो आणि हात कापतो. नुसते पोते उघडायचे असेल तर सुरा लागतच नाही. तोंडाची शिवण साखळीटाक्याची असते, ती एका टोकाकडून सरसर उसवते. ओढून अडली तर दुसऱ्या टोकाकडून ओढा. अंथरायला चुंगडी फाडायची असेल तर दोघांनी ताणून धरा, टोकाने छिद्र पाडा, पाते जवळजवळ आडवे ठेवून सरळ पुढे न्या. कडेच्या पट्ट्या सुटू नयेत म्हणून मेणबत्तीची आच फिरवा.

टायर त्याहून वाईट. रबर दोन्ही बाजूंनी पात्याला चिकटते, घर्षणाने सुरा तिथेच अडकतो. उपाय साधा आहे: साबणाचे पाणी. पाते भिजवा, चीर उघडी राहील असा तुकडा वाकवून धरा आणि लांब ओढ घ्या, दाबू नका. दर पाच-सहा ओढींनी पुन्हा पाणी. ट्यूबच्या पट्ट्या अशा लोण्यासारख्या निघतात. पण टायरची रिमवर बसणारी कड सोडून द्या. तिच्यात पोलादी तारांचे वेटोळे असते आणि एकदा पाते लागले की धारेला तांदळाएवढी खाच पडते. रेडियल टायरमध्ये तर पृष्ठाखालीही तारा असतात. तारांसाठी हॅक्सॉ काढा.

ठिबकची १६ मिलिमीटरची नळी कापते, पण तिरकी कापते, आणि तिरक्या तोंडावर जॉइनर नीट बसत नाही, पाणी झिरपते. नळी लाकडी फळीवर ठेवा, पाते काटकोनात टेकवा आणि नळी हाताने गोल फिरवत कापा. डिसेंबरच्या सकाळी नळी कडक असते, ऊन चढू द्या. एकरभर कामासाठी पाइप कटरच घ्यावा, सुऱ्याचा हट्ट धरू नये.

नायलॉनच्या दाव्याला गुळगुळीत धार चालत नाही, ती धाग्यांवरून घसरते. किंचित खरखरीत धार हवी. दावे ताणलेले असेल तर एका ओढीत तुटते, सैल असेल तर वाकवून वळसा करा आणि वळशात पाते घाला. जनावर अडकले असेल तर सुऱ्याची पाठ जनावराच्या अंगाकडे आणि धार बाहेरच्या बाजूला, यात चूक नको.

पुठ्ठा मऊ म्हणून कुणी त्याला मोजत नाही, पण संत्र्याची खोकी कापून धार लवकर जाते. पुनर्वापराच्या लगद्यात माती आणि खनिजांचे बारीक कण राहतात, ते धार घासून खातात. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या तणशीत सिलिका असते, तीही तेच करते. पुठ्ठ्याला तुटत्या पानांचा स्वस्त कटर वापरा. छपराच्या फायबर शीटला हा सुरा लावूच नका. तिच्यातले काचेचे तंतू धार लवकर घालवतात आणि काचेचा भुगा डोळ्यांना व श्वासाला त्रास देतो.

आता विकत घेताना. लहान कानस खिशात न्या. धारेजवळ हलकेच फिरवली आणि ती घसरली तर पाणी नीट दिले आहे, म्हणजे पाते तापवून, विझवून कठीण केले आहे; चावली तर पाते मऊ आहे. मुठीजवळ चावली तर हरकत नाही, तिथे लवचिकपणा हवाच. धारेवर निळसर झाक दिसली तर तो सुरा ठेवून द्या. ग्राइंडरवर तापवून पाणी उतरवले आहे, अशी धार वळते. कडी हलवून पाहा. सैल असेल तर पावसाळ्यानंतर लाकूड आक्रसले की मूठ निघणार.

बाजारची धार जाड असते. कुरुंदाच्या दगडावर पाणी टाकत दोन्ही बाजूंनी सुमारे २२ अंशांत घासा, म्हणजे काटकोनाचा अर्धा, त्याचा अर्धा. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक कंगोरा जाणवेपर्यंत थांबू नका, मग बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर चार-पाच वेळा उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून, फिरवा. चुंगडी आणि दाव्याचे काम जास्त असेल तर चामडी पट्टा टाळा, खरखर राहू द्या.

पाते गंजणारे आहे. संत्रे-लिंबू कापल्यावर तासाभरात काळे डाग येतात, म्हणून पुसून गोडेतेलाचा हात फिरवा. आणि जंबेरीच्या (जंगली लिंबाच्या) खुंटावर संत्र्याचे डोळे भरायला, म्हणजे कलम करायला, हा सुरा वापरू नका. त्याची जाड धार साल चेचते, डोळा धरत नाही. त्या कामाला पातळ पात्याचा वेगळा चाकू ठेवा आणि त्याने चुंगडी कापू नका.