कान्हेरीला गेलात तर माथ्यापर्यंत चढा आणि टाक्या बघा

मी कल्याणचा, धंदा प्लंबिंगचा. मुंबईतून एका दिवसात उरकणाऱ्या सहलींत मी कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना पहिला नंबर देतो, तो तिथल्या पाण्याच्या कामासाठी.

बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे बाहेर पडलं की राष्ट्रीय उद्यानाचं गेट चालत गाठता येतं. लेणी तिथून पाच-सहा किलोमीटर आत. बस असते. उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं, सोमवारी बंद. सुटीच्या दिवशी बसला रांग लागते, सकाळीच पोचा.

बहुतेक मंडळी तिसऱ्या लेण्यातलं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं दालन, बघतात, ओसरीतल्या वीस फुटांहून उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतात आणि परततात. चैत्य सुंदरच आहे, पण इथे शंभराहून जास्त लेणी आहेत आणि कातळात खोदलेल्या पायऱ्या पार वरपर्यंत नेतात.

चढताना नजर पायाखाली ठेवा. लेण्यांच्या वरच्या कातळात अरुंद चर खोदलेत. पावसाचं पाणी त्यातून वळून अंगणाच्या कडेच्या टाकीत उतरतं. बहुतेक विहारांना, म्हणजे भिक्षूंच्या राहत्या लेण्यांना, अशी स्वतःची टाकी आहे, तोंड लहान आणि आत पोकळी मोठी. ऊन कमी लागतं, पाणी कमी उडतं. आम्ही गच्चीला उतार काढताना लेव्हल लावतो, तरी कुठेतरी कोपऱ्यात पाणी साचतंच, मग पुन्हा सिमेंट ओतून निस्तरता येतं. इथे छिन्नी एकदा खोल गेली की गेली, कातळ परत भरत नाही. जुलैत लेकीला घेऊन गेलो तेव्हा जुन्या चरांतून पाणी धावत होतं. ती वाकून बघत राहिली, मी तिच्यापेक्षा जास्त वेळ.

इथल्या ब्राह्मी शिलालेखांत दात्यांची नावं कोरलीत. त्यात कल्याणच्या एका सोनारानं पाण्याची टाकी दान दिल्याची नोंद आहे. माझ्या गावच्या माणसानं पाण्यावर पैसा लावला, हे वाचून छाती भरून आली. याच डोंगररांगेत पुढे 1860 मध्ये विहार तलाव आणि 1879 मध्ये तुळशी तलाव झाला. मुंबई आजही ते पाणी पिते.

म्हणूनच टाकीत तरंगणारी वेफर्सची पाकिटं बघून फार राग येतो. दोन हजार वर्षं जुन्या टाक्या आहेत या, कचरापेटी नव्हे. आपला कचरा पिशवीत घालून खाली आणा.

पावसात कातळ निसरडा होतो, चांगली पकड असलेले बूट घाला. खाऊ हातात धरू नका, माकडं हिसकावतात. गुडघे दुखत असतील त्यांनी निदान अकराव्या लेण्यापर्यंत जावं. तिथल्या प्रशस्त सभागृहात दगडी बैठे बाक आहेत, दम खायला सावली आहे आणि टाक्या आसपासही बघायला मिळतात.