रिसीव्हर जळाला, आता काय घ्यावं? गावातल्या घरासाठी तुलना

मृगाच्या तोंडावरचा पाऊस होता. वीज आमच्या घरावर पडली नाही, धुऱ्यावरच्या बाभळीवर पडली. पण छतावरच्या डिशच्या केबलमधून झटका घरात आला. आधी सेटटॉप बॉक्स गेला, मग त्याच्या एचडीएमआय केबलमधून (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी केबल) दहा वर्षं साथ दिलेला ५.१ रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज पाच स्पीकर आणि एका सबवूफरला (खोल आवाजाचा डबा) वाटून देणारं मशीन. दुसऱ्या दिवशी तो गोणपाटात गुंडाळून हिंगणघाटला नेला. मेकॅनिकने झाकण उघडलं तर आतून आधी मूठभर रुई निघाली. भाव येईस्तोवर आम्ही कापूस समोरच्याच खोलीत भरून ठेवतो, त्याचे तंतू जाळीतून आत गेले होते. मग त्याने बॅटरीच्या उजेडात मागच्या बोर्डावर बोट ठेवलं. एचडीएमआयच्या सॉकेटशेजारच्या चिपवर तांदळाच्या दाण्याएवढा काळा डाग. "भाऊ, आवाजाचा भाग शाबूत हाये. चित्राचं बोर्ड गेलं फक्त. काहून फेकून देता?"

त्याच्या या एका वाक्याने माझे बरेच पैसे वाचले. म्हणून नवीन रिसीव्हर शोधणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारतो: तुमच्या रिसीव्हरमधलं नेमकं काय गेलं?

एचडीएमआयचं बोर्ड गेलं आणि मशीन चालू होत असेल, तर मागच्या बाजूला चौकोनी छोटं ऑप्टिकल सॉकेट आहे का पाहा. असेल तर सेटटॉप बॉक्स आणि बाकी सगळं थेट टीव्हीला जोडा, आणि टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून एक केबल रिसीव्हरला द्या. डॉल्बी डिजिटल ५.१ या केबलमधून पूर्ण येतं. फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम'वर असेल तर तो 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'ऑटो'वर करा. पीसीएमवर ऑप्टिकलमधून दोनच चॅनल जातात आणि मागचे स्पीकर मुके राहतात. रिसीव्हरचा मेनू टीव्हीवर दिसणार नाही, पण समोरच्या डिस्प्लेवर काम भागतं. खर्च फक्त एका केबलचा. मी असे आठ महिने काढले, पुढे एका चॅनलची रिले (आतला स्विच) कुरकुर करू लागली तेव्हाच नवीन घेतला.

ऑप्टिकल केबलचा आमच्याकडे आणखी एक मोठा फायदा आहे. तिच्यात तांब्याची तार नसते, आवाज प्रकाशाच्या रूपाने जातो. डिशवरून आलेला झटका टीव्हीपर्यंत आला तरी त्या केबलमधून तो रिसीव्हरपर्यंत जाऊच शकत नाही. विजेच्या लाइनमधून येणारा झटका वेगळा, त्याबद्दल पुढे लिहितो. पण नवीन रिसीव्हर घेतला तरी मी टीव्हीची जोडणी ऑप्टिकलनेच ठेवली आहे.

आता मशीन खरंच गेलं असेल, किंवा बोर्डाचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल, तर नवीन. पाच चॅनलच्या परवडणाऱ्या मशीनांत मी तीन नावं शेजारी शेजारी ठेवून पाहिली: यामाहा आरएक्स-व्ही३८५, सोनी एसटीआर-डीएच५९० आणि डेनॉन एव्हीआर-एक्स५८०बीटी. यामाहा आणि सोनी २०१८ची मॉडेलं आहेत, डेनॉन २०२२चं.

दुकानात पहिला फसवा आकडा समोर येतो तो वॉटचा. सोनीच्या खोक्यावर १४५ वॉट, यामाहा आणि डेनॉनच्या माहितीपत्रकात ७० वॉट. वाटतं, सोनी दुप्पट ताकदीचा. पण १४५ हा आकडा ६ ओहमवर, एकच चॅनल चालू ठेवून, एकाच स्वरावर आणि आवाजातली ०.९ टक्के विकृती (खराबी) चालवून घेऊन मोजलेला आहे. ७०चा आकडा ८ ओहमवर, दोन चॅनल चालू ठेवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ अशा पूर्ण पट्ट्यात मोजलेला. दोन वेगळ्या मापांनी मोजलेलं धान्य एका तराजूत घालू नये. आणि ताकद खरोखर दुप्पट झाली तरी आवाज वाढतो ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. बारा बाय पंधराच्या खोलीत हे तिन्ही सारखेच पुरतात. वॉट बघून यांच्यातला एकही निवडू नका.

खरा फरक दोन ठिकाणी आहे.

पहिला माइकचा. यामाहासोबत एक छोटा माइक येतो. तो बसायच्या जागी ठेवला की रिसीव्हर स्वतः आवाज काढून प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी ठरवतो. यामाहा त्याला वायपीएओ म्हणते. सोनीतही अशी सोय माइकसकट आहे. डेनॉन एक्स५८०बीटीमध्ये ती नाही. अंतर टेप लावून मोजायचं आणि हाताने भरायचं. शहरातल्या चौकोनी हॉलमध्ये ते चालून जातं. आमच्या घरी एक भिंत विटांची, एक मातीची, वर टिन, खाली शहाबादी फरशी, एका कोपऱ्यात कापसाचा ढीग. ढीग आहे तोवर आवाज दबलेला, ढीग विकला की खोली घुमते. वर्षातून दोनदा माइक लावून पाच मिनिटांत सगळं नव्याने बसवता येणं, हे मला इतर कुठल्याही सोयीपेक्षा मोलाचं वाटलं. टिनावर पाऊस पडत असताना संवाद ऐकू यावेत म्हणून मी नंतर सेंटर स्पीकर हाताने दोन डेसिबल वर नेतो, तेवढं माइकला कळत नाही.

दुसरा फरक एचडीएमआयचा, आणि इथे डेनॉन पुढे आहे. त्यात ८के चित्र चालतं, ४के १२० हर्ट्झवर चालतं, आणि ईआर्क आहे. आर्क म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय केबलमधून उलट रिसीव्हरकडे आणणारी सोय, ईआर्क ही तिची सुधारलेली आवृत्ती. बाकी दोघांत साधं आर्क. घरात नवा गेमिंग कन्सोल आणि १२० हर्ट्झचा टीव्ही असेल, तर डेनॉनच घ्या, विचार करू नका. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ओटीटी पाहणाऱ्या घराला ईआर्कचा फारसा उपयोग नाही. ओटीटीवरचा ५.१ आवाज डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो, आणि तो साध्या आर्कमधूनही जातो. ईआर्क लागतं ते ब्ल्यू-रे डिस्कसारखा काटछाट न केलेला आवाज टीव्हीमार्गे आणायचा असेल तेव्हा. डीडी फ्री डिश पाहणाऱ्याला तर दोनच चॅनल मिळतात, त्याला यातलं काहीच नको.

अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येणारं डॉल्बीचं तंत्र, या तिघांतही नाही. त्यासाठी डेनॉन एव्हीआर-एक्स१७००एचसारखं सात चॅनलचं मशीन घ्यावं लागतं, छताकडचे दोन स्पीकर वेगळे, आणि ते टिनाच्या खाली कुठे बसवायचे हा प्रश्न आहेच. टिन स्वतःच थरथरतं. स्लॅबचं घर असेल आणि स्पीकर घ्यायची तयारी असेल, तर ती पायरी चढा. नाहीतर तो पैसा चांगल्या सबवूफरला द्या.

सोनीबद्दल एक चांगली गोष्ट: उंची जेमतेम १३ सेंटिमीटर. भिंतीतल्या कोनाड्यात किंवा जुन्या टीव्ही-शोकेसच्या फळीवर तो बसतो, बाकीचे दोन कदाचित नाही बसणार. पण नेमकं तिथेच त्याला कोंबू नका. बहुतेक रिसीव्हरच्या पुस्तिकेत खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. वर आणि मागे वीतभर मोकळी जागा लागतेच. कूलरच्या थेट हवेतही ठेवू नका, ती हवा ओली असते. आणि कापूस घरात असेल तेव्हा मशीन बंद करून, थंड झाल्यावर वर सुती कापड टाका. चालू असताना कधीच नाही.

वापरलेला घ्यावा का? घ्यावा, पण अट आहे. चांगल्या कंपनीचा दहा वर्षांपूर्वीचा वजनदार रिसीव्हर आजच्या स्वस्त नव्यापेक्षा आवाजात सरस निघू शकतो. त्याचं एचडीएमआय जुनं असलं तरी बिघडत नाही, कारण चित्र थेट टीव्हीला आणि आवाज ऑप्टिकलने रिसीव्हरला, ही जोडणी तिथेही चालते. मात्र मागची पाटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. अमेरिकेतून आलेल्या मशीनवर १२० व्होल्ट लिहिलेलं असतं; आपल्या २३० व्होल्टच्या लाइनला लावलं की ते तिथेच संपतं. प्रत्येक चॅनलला स्पीकर लावून ऐका, आवाज शून्यावर असताना सूं सूं येते का पाहा, अर्धा तास चालवून वरच्या जाळीवर हात ठेवा आणि वास घ्या. २०२०मध्ये निघालेल्या काही यामाहा आणि डेनॉन मॉडेलांत ४के १२० हर्ट्झच्या चित्राची चिपच सदोष होती. कन्सोल लावायचा असेल तर त्या वर्षाचं मशीन टाळलेलं बरं.

साउंडबार त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे आधीचे स्पीकरच नाहीत आणि भिंतीतून वायर न्यायची नाही. जुने पाच स्पीकर धड असताना साउंडबार घेणं मला पटत नाही. तुम्ही चांगला माल बाजूला टाकून नवा विकत घेता, आणि एक बोर्ड गेलं की सगळाच बार अडतो.

राहिला तालुक्यातला असेंबल अ‍ॅम्प्लिफायर. याला कमी लेखू नका. ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्या लावलेला, वेगळा ५.१ डिकोडर बोर्ड बसवलेला डबा आमच्या भागातला कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करतो, सुटे भाग त्याच्या डब्यातच असतात. गाणी, भजनं, घरच्या कार्यक्रमाचा आवाज, यासाठी तो दणकट आहे. सिनेमात हळू आवाजातले बारकावे, चॅनलचा नेमका ताळमेळ, माइकने बसवणं, हे त्यात मिळत नाही. मंडपात नेऊन वाजवायचा असेल तर मी रिसीव्हर घेऊच नका म्हणेन, हाच घ्या.

आता लाइनबद्दल, कारण निम्मे रिसीव्हर तिथेच मरतात. रब्बीत मोटारी चालू झाल्या की संध्याकाळी दिवे पिवळे पडतात, आणि न्यूट्रल तुटली तर घरात थेट ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. त्यासाठी जास्त व्होल्टेजला कट-ऑफ असलेला स्टॅबिलायझर लागतोच, त्याची किंमत रिसीव्हरच्या किमतीतच धरा. पण स्टॅबिलायझर आकाशातल्या विजेचा झटका अडवत नाही. त्याला सर्ज प्रोटेक्टर वेगळा, आणि प्रोटेक्टरला खरी अर्थिंग लागते. भिंतीतल्या बोर्डाची तिसरी पिन कुठेच जोडलेली नसेल तर तो नुसता शोभेचा. आणि इन्व्हर्टर साधा, स्क्वेअर वेव्हचा असेल तर रिसीव्हर त्यावर चालवू नका, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो.

मी शेवटी यामाहा घेतला, माइकसाठी आणि माझे जुने स्पीकर तसेच चालले म्हणून. तुमच्याकडे कन्सोल असेल तर डेनॉन, जागा बुटकी असेल तर सोनी. नागपूरला बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन घेणार असाल तर भाव करायच्या आधी एक विचारा: वॉरंटीत बिघडला तर दुरुस्ती नागपुरात होते की मशीन बाहेर पाठवतात? दोन-तीन हजारांचा फरक त्या एका उत्तरापुढे काहीच नाही. आमच्यासाठी नागपूर म्हणजे एका बाजूचे पाऊणशे किलोमीटर.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी अ‍ॅप मोबाइलमध्ये ठेवा. इशारा आला की मी रिसीव्हरचा प्लग काढतो आणि डिशची केबल बॉक्समधून सोडवतो, दोन्ही. आणि मशीनचं खोकं, आतल्या थर्माकोलसकट, माळ्यावर जपून ठेवा. सात-आठ किलोचं मशीन एसटीत मांडीवर घेऊन नागपूरला न्यायची वेळ आली, तर त्या खोक्यातच ते धड पोचतं.