‘प्लॅटिनम मेंबर’ म्हणून मान दिला आणि 1,01,480 रुपये नेले

आधी आकडे लिहितो. क्रेडिट कार्डावरून 50,740 रुपये, पाठोपाठ पुन्हा 50,740, म्हणजे 1,01,480 रुपये. हॉटेलच्या लॉयल्टी खात्यातले (मेंबर होऊन वारंवार राहिलं की पॉइंट साठतात, त्यांवर पुढे खोली मिळते) 86,000 पॉइंट वेगळे. हॉटेलच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेल्या खोट्या लिंकवर हे सगळं गेलं. आणि ज्या खोलीपायी हे सगळं रामायण घडलं तिचे 50,740 रुपये हॉटेलने माझ्याकडून रीतसर घेतलेच, कारण ते बुकिंग खरं होतं. मुंबईतलं मोठं, पंचतारांकित हॉटेल आहे. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे आणि वकिलांनी बजावलंय.

‘लिंक उघडलीच कशाला’ म्हणणाऱ्यांनी जरा दम धरा. केवायसी संपली, पार्सल अडकलं, वीज कापणार, असल्या फोनना मीही दोन शिव्या हासडून कट करतो. हे तसलं नव्हतं.

मुलीचा पदवीदान समारंभ मुंबईत होता, दोन रात्री राहायचं होतं. कामानिमित्त फिरती असल्यामुळे एका मोठ्या हॉटेल साखळीचा मी बरीच वर्षं मेंबर आहे, त्यामुळे त्यांचीच शहरातली हॉटेलं बघितली. जे मेंबर आहेत त्यांना हा हिशेब ठाऊक असेल: पॉइंटात खोली घ्यायची की पैशांत, ब्रेकफास्ट आपल्या श्रेणीला (गोल्ड, त्याच्या वर प्लॅटिनम वगैरे; जितकं जास्त राहाल तितकी वरची) मिळतो की नाही, लाउंजमध्ये दोघांनाच सोडतात की मुलांनाही. पॉइंटचा भाव तारखेनुसार वरखाली होतो आणि त्या शनिवार-रविवारी तो एका रात्रीला 52,000 होता. दोन रात्रींना माझे 86,000 पुरत नव्हते. म्हणून मेंबर रेटने घेतली. 21,500 रुपये रात्र, दोन रात्रींचे 43,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 7,740. एकूण 50,740. पैसे हॉटेलवर द्यायचे, 48 तास आधीपर्यंत रद्द केलं तर काही कापणार नाहीत.

बुकिंग कुठल्या दलालाकडून नाही, साखळीच्या स्वतःच्या ॲपवरून केलं. बाहेरच्या साइटवरून केलं की पॉइंट मिळत नाहीत, राहिलेल्या रात्री श्रेणीसाठी धरत नाहीत, आणि काउंटरवरचा मुलगा ‘सर, हे थर्ड पार्टी बुकिंग आहे’ म्हणून हात वर करतो. म्हणजे जे करायला सांगतात ते सगळं मी केलं होतं.

समारंभाच्या आदल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर संदेश आला. हॉटेलचा लोगो, ‘गेस्ट रिलेशन्स’ असं नाव. माझं पूर्ण नाव, बुकिंगचा कन्फर्मेशन नंबर, येण्याजाण्याच्या तारखा, खोलीचा प्रकार, तीन माणसं, आणि 50,740 ही रक्कम. रुपयाचाही फरक नाही. आता मला सांगा, ही माहिती माझ्याकडे होती आणि हॉटेलकडे होती. तिसऱ्याकडे असायचं कारण काय? पुढे मजकूर असा: प्लॅटिनम मेंबर म्हणून तुम्हाला सुईट विनामूल्य देत आहोत, खोलीचा प्रकार बदलल्यामुळे कार्डाची पडताळणी पुन्हा करावी लागेल, रक्कम फक्त रोखून धरली जाईल आणि लगेच सोडली जाईल, 6 तासांत न केल्यास सुईट दुसऱ्या पाहुण्यांना जाईल.

मी प्लॅटिनम नाही. गोल्ड आहे.

इथेच. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी या ओळीपाशी येऊन अडकतो. ‘प्लॅटिनम’ वाचल्यावर मला वाटलं काय, तर वर्षाच्या हिशेबात आपल्याला बढती दिली असेल! ॲप उघडून बघायला अर्धा मिनिट लागलं नसतं, तिथे ठळक गोल्ड लिहिलेलं होतं. पण या कार्यक्रमांची सगळी रचनाच तशी आहे. वर्षभर ‘अजून इतक्या रात्री राहा, वरच्या श्रेणीत जाल’ अशा मेल पाठवायच्या आणि माणसाला त्या शिडीवर टांगून ठेवायचं. मग कुणी वरच्या पायरीच्या नावाने हाक मारली तर तो ओ देणार नाही तर काय करणार? चोरांना हे बरोबर माहीत आहे. तुमच्या संदेशात तुमची श्रेणी चढवून लिहिलेली दिसली तर समजा की लिहिणाऱ्याकडे बुकिंगचा कागद आहे, मेंबरशिपचा नाही.

बायको शेजारी बसली होती. ती म्हणालीसुद्धा, “अहो, पैसे तिथे गेल्यावर द्यायचे होते ना?” मी म्हणालो, “अगं, घेत नाहीयेत, नुसते रोखून धरतायत. हॉटेलवाले तसं करतात.” आणि हे खोटं नाही! चेक-इनला मोठी हॉटेलं कार्डावर रक्कम रोखून ठेवतातच. फक्त ती काउंटरवर, कार्ड हातात घेऊन. घरी बसलेल्या माणसाला लिंक पाठवून नव्हे.

लिंकच्या पत्त्यात हॉटेल साखळीचं नाव होतं, पुढे आडवी रेघ, मग ‘गेस्ट’, आणि शेवटी भलतंच काहीतरी. मोबाइलवर पूर्ण पत्ता बऱ्याचदा दिसतच नाही, वरची पट्टी कापलेली असते. पत्त्यात पहिली एकटी तिरपी रेघ (/) येते तिथून मागे वाचा, सुरुवातीचं नाव कुणीही लावू शकतं. पान हुबेहूब ॲपसारखं होतं. आधी मेंबरशिप नंबर आणि पासवर्ड मागितला (पॉइंट तिथे गेले), मग कार्ड.

ओटीपीचं लोक फार ऐकवतात, म्हणून तेही सांगतो. मी ओटीपी कुणालाही ‘दिला’ नाही. फोनवर कोणी नव्हतंच. कीबोर्डच्या वर सहा आकडे आपोआप आले, त्यावर बोट ठेवलं, भरले गेले. बँकेचा मेसेज उघडायची गरजच पडली नाही. उघडला असता तर त्यात स्वच्छ लिहिलं होतं: 50,740 रुपये, आणि पुढे हॉटेलचं नव्हे तर गिफ्ट कार्ड विकणाऱ्या एका साइटचं नाव. ‘रोखून धरणार’ वगैरे काही नाही, सरळ खरेदी. फोनवाल्यांनी आपली सोय म्हणून ते आकडे वर आणून ठेवले आणि जो इशारा वाचायचा तो खाली मेसेजमध्येच राहिला. आज घरी गेल्याबरोबर ही आपोआप भरायची सोय बंद करा. मेसेज उघडून, दुकानाचं नाव वाचून, मग आकडे हाताने टाका.

पानावर आलं, ‘पडताळणी अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’. केला. गेले आणखी 50,740.

रात्री उशिरा लॉयल्टी कार्यक्रमाची खरी मेल आली की आपण 86,000 पॉइंट वापरल्याबद्दल आभार. दुसऱ्याच शहरातली, त्याच रात्रीची खोली, दुसऱ्याच कुणाच्या नावावर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. व्हॉट्सॲप उघडतोय तर समोरून एकेक संदेश पुसला जात होता. माझ्या डोळ्यांसमोर. जेवढे उरले त्यांचे स्क्रीनशॉट काढले. तुम्ही आधी ते काढा, बाकी रडारड मागाहून.

आता खरी करमणूक.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला. लागायला वेळ लागला, पण बाईंनी नीट लिहून घेतलं आणि तक्रारीचा क्रमांक मेसेजवर आला. सगळ्यांत त्यातल्या त्यात बरा अनुभव तोच. बँकेने कार्ड बंद केलं आणि मग एक ठरलेलं वाक्य ऐकवायला सुरुवात केली: “सर, ओटीपी टाकलाय, म्हणजे व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय.” रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक ग्राहकाने मंजूर न केलेल्या ऑनलाइन व्यवहारांबद्दल स्पष्ट म्हणतं की चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. त्रुटी ना बँकेची ना ग्राहकाची, तिसरीकडेच असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. माझं म्हणणं हेच आहे: माझं बुकिंग गळलं हॉटेलकडून. त्यावर बँकेचा मेल काय, ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे.’ त्याच परिपत्रकात आणखी एक गोष्ट आहे, ती लक्षात ठेवा: आपला निष्काळजीपणा ठरला तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेचे जातात. म्हणून आधी कळवा, आणि कळवल्याची वेळ दाखवणारा मेसेज किंवा मेल जपून ठेवा. तोंडी सांगितलेलं कुणालाच आठवत नाही. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही.

पोलीस ठाण्यात म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले आधी तुमच्या ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर साहेब बंदोबस्तावर, आणि त्यांच्याशिवाय पुढे काही हलेना, कारण आयटी कायद्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, कलम 78. तोवर हवालदारांनी ‘अर्ज द्या, बघू’ म्हणून अर्जावर शिक्का मारून दिला. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. शिक्का मारलेला कागद हातात आला की आपल्याला वाटतं काम झालं, आणि तो कागद फायलीत पडून राहतो. मी कलम 66 ड, तोतयेगिरी करून फसवणूक, असं म्हटल्यावर उत्तर आलं, “काका, कायदा आम्हाला नका शिकवू. लिंक तुम्हीच उघडली ना?” चोराला सोडून मलाच आरोपी केल्यासारखी उलटतपासणी.

आणि पॉइंट! त्यांनी विचारलं, “पॉइंट म्हणजे काय? पैसे आहेत का ते?” मी म्हणालो, नाहीत, पण त्यांच्यावर खोली मिळते. “मग चोरीला गेलेल्या मालाची किंमत काय लिहू?” त्यांचं मी एकवेळ समजू शकतो. पण लॉयल्टी कार्यक्रमाच्या कस्टमर केअरने तर कमालच केली. त्यांच्या नियमावलीत म्हणे लिहिलंय की पॉइंट ही मेंबरची मालमत्ता नाही आणि त्यांना रोख मूल्य नाही. शिवाय ‘पासवर्ड आपल्याकडूनच वापरला गेला’. अहो, किंमत नाही तर त्याच ॲपवर ‘पॉइंट विकत घ्या’ असं बटण ठेवून पैसे कशाचे घेता? विकताना माल, चोरीला गेला की हवा. या प्रश्नाचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. नियमावली आपण कोणीच वाचत नाही, पण ही दोन वाक्यं शोधून वाचाच, म्हणजे इतक्या प्रेमाने साठवतोय ते नेमकं कुणाचं आहे हे कळेल.

हॉटेलने तर ताकास तूर लागू दिली नाही. बुकिंग रद्द करायची मुदत टोलवाटोलवीत निघून गेली होती, रद्द केलं तर एका रात्रीचे 25,370 कापणार, म्हणून गेलोच राहायला. काउंटरवर ॲक्रिलिकच्या छोट्या स्टँडमध्ये छापील कागद उभा होता: ‘काही पाहुण्यांना आमच्या नावाने फसवे संदेश येत आहेत. कृपया कोणत्याही लिंकवर पैसे भरू नयेत.’ लॅमिनेट केलेला, कोपरा सोललेला. म्हणजे कालपरवाचा नाही. जे येऊन पोहोचले त्यांच्यासाठी सूचना! ज्यांचं बुकिंग झालंय आणि जे अजून घरी बसलेत, त्यांना ‘तुमची उशी मऊ हवी की कडक’ विचारणारी मेल येते, पण ही एक ओळ पाठवता येत नाही. मी फोटो काढला, तर ड्यूटी मॅनेजर धावत आले. त्यांचं पालुपद एकच, आमच्या सिस्टिममधून काहीही बाहेर गेलेलं नाही. मग माझा कन्फर्मेशन नंबर चोराला स्वप्नात दिसला का? हॉटेलच्या कर्मचाऱ्याला खोटी मेल पाठवून त्याचा लॉगिन चोरायचा आणि आतली बुकिंगं वाचायची, हा प्रकार जगभर चालू आहे, हे त्यांनाही माहीत आहे आणि आता मलाही.

तक्रार कुणाकडे करायची यावर आणखी एक शहाणपण मिळालं. इमारतीचा मालक एक कंपनी, दारावरचं नाव दुसऱ्या कंपनीचं, लॉयल्टी कार्यक्रम तिसऱ्याच्या नावे परदेशात. मोठ्या साखळ्यांची बरीचशी हॉटेलं अशीच चालतात. तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात ज्या कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक असतो, ती पहिली पकडा. बिल फेकू नका.

सुईट अर्थातच नव्हती. लिफ्टसमोरची खोली मिळाली.

आता सवय बदलली आहे. हॉटेल बुकिंगसाठी वेगळं, कमी मर्यादेचं कार्ड ठेवलंय. बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारांची बटणं एरवी बंद. परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपीही लागत नाही, ते बटण तर बंदच हवं. लॉयल्टी खात्याचा पासवर्ड बँकेइतकाच जपायचा, आणि हॉटेलकडून काहीही आलं तरी ॲपमधून किंवा बुकिंगच्या मूळ मेलमधल्या नंबरवर आपणच विचारायचं. गूगलवर किंवा नकाशावर सापडलेला नंबर अजिबात नको, तिथेही हेच लोक बसलेत.

सध्याची स्थिती अशी: दुसऱ्या व्यवहारातले 31,200 रुपये पुढे कुठल्याशा वॉलेटमध्ये गोठवले गेलेत, पण ते सोडवायला पोलीस म्हणतात कोर्टाचा आदेश आणा. बाकीचे गेले. ग्राहक आयोगात हॉटेलची मालक कंपनी, ब्रँड आणि बँक अशा तिघांविरुद्ध तक्रार दिली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात देता येते, मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत, आणि आपण त्या सेवेसाठी मोजलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर फी नाही. आयोगाच्या परवानगीने एकाच कारणाचे अनेक ग्राहक मिळूनही तक्रार करू शकतात. कुणाला मुंबईतल्या मोठ्या हॉटेलचं खरं बुकिंग केल्यावर बुकिंगच्या अचूक आकड्यासकट असा ‘पडताळणी’चा संदेश आला असेल, पैसे गेले असोत वा नसोत, तर तो पुसू नका. हॉटेलची गळती सिद्ध करायला माझा एकट्याचा स्क्रीनशॉट पुरत नाही, असं वकील म्हणतात.