खटखट आवाजाच्या नावाखाली बदललेले शॉकअबसॉर्बर आणि लोअर आर्म

कमी वेगात, लहानसहान खड्ड्यांवरून जाताना पुढच्या चाकांकडून खटखट आवाज येऊ लागला, की ग्राहकाच्या मनात भीती असते आणि त्याच भीतीवर काही गॅरेजवाले आपला धंदा करतात. माझ्या बाबतीत जे घडले ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

गाडी लिफ्टवर चढवताच मेकॅनिकने लोअर आर्मखाली (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) पहार घालून जोर दिला आणि आर्म हलल्याबरोबर ‘बुश गेले’ असे जाहीर केले. वस्तुतः बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यातली गादी, रबराचा असतो आणि पहारीच्या जोराने तो थोडाफार दबणारच. पाहायचे असते ते रबर फाटले आहे का किंवा धातूपासून सुटले आहे का, आणि नेमके तेच मला दाखवण्यात आले नाही. पुढे शॉकअबसॉर्बरवरचे तेल दाखवून ‘लिकेज’ सांगितले गेले. जुन्या गळतीवर धुळीचा चिकट थर बसतो आणि तेल वर दांड्याच्या सीलपासून खाली ओघळलेले असते. येथे सीलपाशी सगळे कोरडे होते आणि खालच्या भागावर तेवढे स्वच्छ, ताजे तेल चमकत होते. दोन्ही शॉकअबसॉर्बर व दोन्ही आर्म बदलले गेले. जुने भाग मागितले तेव्हा ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले.

आवाज मात्र तसाच राहिला. ‘नवीन सामान आहे, सेट व्हायला वेळ लागतो’ हे त्यावरचे स्पष्टीकरण, आणि आता स्टीअरिंग रॅक बदलावा हा पुढचा सल्ला!

दुसऱ्या मेकॅनिकने पाना हातात घेण्यापूर्वी प्रश्न विचारले. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना कटकट होते का (तसे असल्यास संशय इंजिनची ताकद चाकांना पोहोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटवर), ब्रेकवर हलका पाय ठेवताच आवाज थांबतो का (मग ब्रेक पॅड किंवा कॅलिपर ढिले), गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवल्यास वरून ठक्क असे ऐकू येते का (मग स्ट्रटचे, म्हणजे स्प्रिंग व शॉकअबसॉर्बरच्या जोडाचे, वरचे माउंटिंग). तिन्हींचे उत्तर नकारार्थी होते. एकच चाक खड्ड्यात गेले की आवाज येई, दोन्ही चाके गतिरोधकावर एकदम चढली की जवळजवळ येत नसे. दोन्ही चाके सारखी उचलली जातात तेव्हा स्टॅबिलायझर बारला (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी, गाडीचे कलणे रोखणारी सळई) पीळ बसत नाही, म्हणून त्याने थेट त्या बारची टोके सस्पेन्शनला जोडणाऱ्या लिंक रॉडकडे मोर्चा वळवला. गाडीचे वजन चाकांवर असतानाच त्याने रॉड हाताने हलवून पाहिला, कारण चाके लोंबकळत असताना सांधा एका बाजूला ताणला जाऊन त्यातली ढिलाई लपू शकते. सांध्यातला प्ले मलाही हाताला जाणवला. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड बदलले आणि आवाज बंद झाला. हे काम आधीच्या बिलाच्या तुलनेत अगदी किरकोळ होते.

पहिल्या गॅरेजकडे परतावा मागितला असता त्यांनी जॉब कार्ड पुढे केले. त्यावर आवाजाच्या तक्रारीचा उल्लेखच नव्हता. ‘ग्राहकाच्या मागणीनुसार सस्पेन्शनचे काम’ एवढेच लिहिलेले होते आणि खाली माझी सही होती.