खडे मीठ, सैंधव की इप्सम: पाय शेकायला काय घ्यावं?

हल्ली अंघोळीच्या मिठाचे प्रकार विचारू नका. गुलाबी सैंधव, बारीक काचेसारखं चकाकणारं इप्सम, आयात केलेलं डेड सी सॉल्ट (मृत समुद्राचं मीठ), लॅव्हेंडरचा वास लावलेलं आणखी काहीबाही. दिवसभर उभं राहून ज्याचे पाय ठणकतात तो भाव बघून विचारात पडतो, कारण खडे मीठ घरात असतंच. जास्तीचे पैसे मोजण्यासारखं त्यात काय आहे?

त्याआधी पाण्याचा हिशेब करू. पाकिटावरच्या सूचना बाथटबसाठी असतात: दीडशे लिटर पाण्याला दोनेक कप, म्हणजे साधारण अर्धा किलो. लिटरमागे तीन-साडेतीन ग्रॅम झाले. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असतं. शिवाय टबात माणूस वीस मिनिटं बुडून बसतो. आपली अंघोळ बादली-तांब्याची. अंगावर घेतलेलं पाणी क्षणात मोरीत जातं, म्हणून बादलीत चमचा-दोन चमचे मीठ टाकण्यात मला काही अर्थ दिसत नाही, मग ते कुठलंही असो. आपल्याकडे मिठाचा खरा उपयोग होतो तो पाय बुडवून बसताना: पाच लिटर कोमट पाणी, पंधरा-वीस मिनिटं. पुढची तुलना त्याच मापाने केली आहे.

खडे मीठ म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइड, जोडीला मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार. पावसाळ्यात बरणीतल्या खड्यांना पाणी सुटतं ते मुख्यतः त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. या मिठाची मोठी सोय म्हणजे ते हात सैल सोडून वापरता येतं. पाच लिटरला तीन-चार मुठी टाकल्या की पाणी समुद्राच्या जवळपास खारं होतं, आणि खर्च नगण्य. मिठागरातलं सुटं मीठ असेल तर आधी तांब्याभर पाण्यात विरघळवून वरचं पाणी ओतून घ्या, तळाशी माती राहते. टब प्लास्टिकचा घ्या. तांब्या-पितळेचं घंगाळ खाऱ्या पाण्याने काळवंडतं.

सैंधवाबद्दल लोकांना वाईट वाटेल, पण पायांसाठी ते घेऊ नका. गुलाबी रंग लोहाचा. ज्या खनिजांची यादी पाकिटावर असते ती इतकी थोडी असतात की पाण्यात मिसळल्यावर ते खड्या मिठाहून वेगळं राहत नाही. त्यातून हे मीठ प्रामुख्याने पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं, आणि मे २०२५ पासून तिथून होणारी आयात भारताने बंद केली आहे. उपासाच्या खिचडीत त्याला मान आहे, तिथेच तो राहू द्या.

इप्सम हा मात्र वेगळाच पदार्थ. नाव मीठ असलं तरी हे मॅग्नेशियम सल्फेट. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या इप्सम गावच्या कडू पाण्यावरून सतराव्या शतकात हे नाव पडलं. औषधाच्या दुकानात मॅगसल्फ म्हणून मागितलं तरी मिळतं. दावा असा की मॅग्नेशियम त्वचेतून आत जातं आणि स्नायूंचा ताठरपणा जातो. याला भक्कम पुरावा नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठातला ज्या प्रयोगाचा सगळीकडे दाखला देतात तो मोजक्या लोकांवरचा होता आणि शास्त्रीय नियतकालिकात रीतसर प्रसिद्ध झालेला नाही. पाय बुडवल्यावर बरं वाटतं हे खरं, पण त्याचं बहुतेक श्रेय गरम पाण्याचं: रक्तवाहिन्या रुंदावतात, पोटऱ्या सैल पडतात. तरीही कुणाला इप्समचं मऊसर पाणी आवडत असेल तर खुशाल घ्यावं. साबण मात्र आधी लावून घ्या, त्या पाण्यात फेस होत नाही. बोअरच्या जड पाण्यात साबण फुटतो तसाच हा प्रकार. शेतकऱ्यांच्या घरात कपाशीच्या लाल्यासाठी (पानं लाल पडतात त्यासाठी) आणलेली मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी असते. तिच्यातलं वापरू नका, ते त्वचेसाठी शुद्ध केलेलं नसतं.

डेड सी सॉल्ट महाग आहे, पण एका बाबतीत त्याची बाजू इतरांपेक्षा बळकट आहे. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड भरपूर असतं. कोरड्या, खाजऱ्या त्वचेच्या लोकांचा एक हात पाच टक्के द्रावणात आणि दुसरा साध्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मिठाच्या पाण्यातल्या हाताची त्वचा अधिक ओलसर राहिली, लाली कमी झाली. पण पाच टक्के म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम. पाच लिटरच्या टबात एका वेळी पाव किलो जाईल. हिवाळ्यात हातांची त्वचा तडतडत असेल तर दोन लिटरच्या पातेल्यात शंभर ग्रॅम टाकून हात बुडवणं परवडेल. त्वचा फुटली असेल, चिरा पडल्या असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. नुसत्या थकलेल्या पायांसाठी हा खर्च करू नये.

खाण्याचा सोडा अल्कधर्मी आणि आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, त्यामुळे रोज वापरला तर ती रुक्ष होते. तुरटी घाम आणि वास यांसाठी चांगली, दुखण्यावर तिचा उपयोग नाही.

आता पायांच्या सुजेविषयी, कारण मीठ घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात तीच असते. मीठ पायातलं पाणी ओढून घेतं हा समज चुकीचा आहे, उलट गरम पाण्याने सूज वाढू शकते. दोन्ही पाय रोज सुजत असतील तर हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाच्या गोळ्या यांचा संबंध असू शकतो. एकच पाय अचानक सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि घरात मधुमेही आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासाठी हा टब मांडूच नका. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, पाणी किती कढत आहे ते कळत नाही, भाजल्याचं दुसऱ्या दिवशी फोड आल्यावर लक्षात येतं. बुडवून ठेवलेली त्वचा फुगून भेगाळते आणि तिथून संसर्ग शिरतो. त्यांचे पाय कोमट पाण्याने पटकन धुवा, आधी आपलं कोपर बुडवून पाणी बघा, बोटांच्या बेचक्या नीट पुसा आणि बेचक्या सोडून बाकीच्या पायाला खोबरेल लावा.