गावाच्या पैशातून आरोग्यविमा: सरकारी कार्ड, गट पॉलिसी की सेवाग्रामसारखा निधी?

विदर्भातल्या एखाद्या तालुक्यात शेतकरी कंपनी, पतसंस्था, बचतगटांचा संघ किंवा पैसा हाती असलेली ग्रामसभा सभासदांच्या आजारपणासाठी काही करायचं ठरवते, तेव्हा टेबलावर तीन वाटा येतात. रुग्णालयात भरती होऊन मोफत उपचार देणाऱ्या सरकारी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड सगळ्यांच्या हाती देऊन त्यावर विसंबायचं, विमा कंपनीची गट पॉलिसी घ्यायची, किंवा सेवाग्रामच्या ज्वारीच्या विम्यासारखा गावाचा स्वतःचा निधी उभारून एका दवाखान्याशी बांधायचा. तिन्ही वाटांवर माणसं गेलेली आहेत. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण गावागणिक उत्तर बदलू शकतं हे मान्य.

गट पॉलिसीचं लवकर उरकतो. कंपनी हप्ता ठरवते तो मागच्या वर्षीच्या दाव्यांवरून. पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालेली पॉलिसी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अंगावर येते. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला, गट पॉलिसीवरचा मात्र राहिला. त्यात फुले योजनेत जे फुकट मिळतं, त्याच भरतीच्या खर्चासाठी पुन्हा हप्ता भरायचा. पगारदार सभासदांच्या पतसंस्थेला ती परवडेल. कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या गावाला मी सुचवणार नाही.

खरी लढत उरलेल्या दोघांत आहे.

सरकारी योजनेची ताकद कमी लेखू नये. 2 जुलै 2012 ला ती राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपल्याकडचे अमरावती आणि गडचिरोली होते. 2013 च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली, 2017 मध्ये नाव बदललं, 2020 मध्ये आयुष्मान भारतशी जोडली गेली. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने संरक्षण कुटुंबाला वर्षाला 5 लाखांवर नेलं आणि पिवळ्या-केशरीबरोबर शुभ्र शिधापत्रिकाही आत घेतली. अमरावती विभागाचे पाच जिल्हे आणि वर्धा इथल्या शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना ती त्याआधीच लागू होती. घराला हप्ता भरावा लागत नाही. बायपास, कर्करोगाची केमो, सांधा बदलणं असल्या खर्चाला गावाचा कुठलाही निधी पुरणार नाही. तिथे कार्डाला पर्यायच नाही.

कार्डाच्या अडचणीही बहुतेक सुटण्यासारख्या आहेत, फक्त त्या आजारपणात सोडवायला बसू नये. सासरी आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या शिधापत्रिकेवर असतं. आधारवर एक नाव, रेशनवर दुसरं. शिधापत्रिका ऑनलाइन झालेलीच नसते. कापूस वेचून, निंदण करून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, तेव्हा ओटीपी किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवावी लागते आणि त्यासाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. उन्हाळ्यात, शेतीची कामं थंड असताना, गावात तीन दिवसांचं शिबिर लावलं तर यातलं बरंच निपटतं. पहिल्या दिवशी फक्त नावांची तपासणी करावी, दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचे अर्ज, कार्ड तिसऱ्या दिवशी. पहिल्याच दिवशी कार्डाला हात घातला की रांग अडते, लोक घरी जातात आणि पुन्हा येत नाहीत. गावाने दुसरं काहीच केलं नाही तरी एवढं करावं.

माझं मत फिरलं ते भरतीआधीच्या खर्चामुळे.

योजनेचा कारभार पॅकेजवर चालतो, म्हणजे यादीतल्या ठरावीक उपचाराला ठरलेली रक्कम. रुग्ण अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात पोचतो, तिथला योजनेचा मदतनीस म्हणजे आरोग्यमित्र नोंदणी करतो, डॉक्टर निदान लिहितो, त्या निदानाला यादीतलं पॅकेज सापडतं, ऑनलाइन पूर्वमंजुरी येते आणि मग कॅशलेस उपचार सुरू होतो. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी घेऊन कागद मागाहून देता येतात, तेही बरं चालतं. पण निदान व्हायला तपासण्या लागतात. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, बायोप्सी, रक्ताच्या चाचण्या. त्यातून यादीतला आजार निघाला आणि भरती झाली तर खर्च पॅकेजमध्ये बसतो. 'ऑपरेशनची गरज नाही, गोळ्या घ्या' असं निघालं, तर तो खर्च रुग्णाचा. म्हणजे दुखणं कमी गंभीर निघालं की खिसा जास्त रिकामा. पोटात दुखतंय म्हणून बाईला शहरात आणलं, दोन दिवस तपासण्या झाल्या, जाण्यायेण्याची गाडी झाली, सोबतच्याची मजुरी बुडाली, आणि शेवटी हाती गोळ्यांची चिठ्ठी. यातला एक रुपयाही कार्डातून निघत नाही. योजनेत परतीचं भाडं आणि सुटीनंतर 10 दिवसांची औषधं आहेत खरी, पण ती भरती झालेल्याला.

बाह्यरुग्ण विभाग तर योजनेच्या बाहेरच आहे. रक्तदाब, साखर, दमा, मिरगी आणि आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, ही सगळी महिन्याच्या महिन्याला गोळ्या मागणारी दुखणी. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळायला हव्यात. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा निःशुल्क आहे. पण साठा संपला की चिठ्ठी बाहेरची. महिनाभर गोळी तुटलेला रक्तदाबाचा माणूस अर्धांगवायू होऊन दवाखान्यात येतो आणि मग कार्ड कामी येतं. हा उलटा हिशेब मला पटत नाही.

तिसरी गोष्ट अंतराची. अंगीकृत रुग्णालयं नागपूर, वर्धा, अमरावती, अकोल्याभोवती दाटलेली आहेत. धारणी ते अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मधे मेळघाटचा घाट. 108 ची गाडी आणीबाणीत येते, दुसऱ्यांदा दाखवायला जाताना येत नाही.

आता निधीकडे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने 1980 च्या आसपास जवळच्या गावांत जो ज्वारीचा विमा चालवला, त्याची नक्कल करण्याआधी त्याची हाडं नीट पाहावीत. सुगीच्या वेळी ऐपतीप्रमाणे ज्वारी जमायची, जमीनवाल्याची जास्त, भूमिहीनाची कमी. गावातली 75 टक्के घरं आल्याशिवाय गाव योजनेत घ्यायचं नाही. अचानक आलेल्या आजारात रुग्णाला भरतीचा खर्च द्यावा लागायचा नाही, पण ठरवून करता येण्यासारख्या उपचारांना बिलाचा काही भाग रुग्णाने द्यायचा. हे दोन नियम म्हणजे योजनेचा पाठकणा. पहिल्या नियमामुळे फक्त आजारी घरंच पैसे भरतात असं होत नाही, दुसऱ्यामुळे सगळं गाव एकाच वर्षी मोतीबिंदू आणि हर्निया उरकून घेत नाही.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. ती ज्वारी रुग्णालयाच्या खर्चाला पुरत नव्हती, पुरणारही नव्हती. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेला निम्मा पैसा केंद्राकडून, पाव राज्याकडून येतो, उरलेला पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटी उभा करते. गावाच्या वर्गणीने त्या अनुदानित दवाखान्यात हक्काची जागा मिळाली, एवढंच आणि एवढं मोठं. म्हणून खासगी, नफ्यावर चालणाऱ्या दवाखान्याशी हाच करार करायला गेलात तर पहिल्याच वर्षी तुटेल. शिक्षण देणारं किंवा धर्मादाय रुग्णालय शोधा. वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता टिकवायला खाटा भरलेल्या लागतात, त्यामुळे ते खाटेचं भाडं सोडतात, गावात शिबिर घेतात, कधी गाडीही पाठवतात. करारात चार गोष्टी लेखी हव्यात: खाटेचं भाडं माफ, तपासण्यांचा दरपत्रक ठरलेला, फोन उचलणारा एक माणूस आणि बिल महिन्याला एकदाच. पाचवी अट सगळ्यांत महत्त्वाची, ते रुग्णालय फुले योजनेत अंगीकृत असलंच पाहिजे. म्हणजे पॅकेज सापडलं की खर्च कार्डावर, सापडेपर्यंतचा निधीवर.

आकडा मांडून बघू. 300 उंबऱ्यांचं गाव, 75 टक्के म्हणजे 225 घरं, साधारण 950 माणसं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीत ग्रामीण भागात वर्षाला 2.6 टक्के लोक भरती झाल्याचं दिसलं, बाळंतपणं सोडून. त्या हिशेबाने वर्षाला 25 भरत्या. घरामागे सरासरी 800 रुपये धरले तर 1,80,000 जमतात. त्यातून 70 कायमच्या रुग्णांना तुटलेल्या गोळ्यांसाठी वर्षाला प्रत्येकी 1,000, म्हणजे 70,000. दहा जण 108 ने गेले असं धरून उरलेल्या 15 फेऱ्यांना प्रत्येकी 3,000 च्या आत, 45,000. भरतीआधीच्या 20 तपासण्या 2,000 पर्यंत, 40,000. राहिले 25,000, ते गंगाजळीत. या पैशात ऑपरेशन बसत नाही आणि बसवायचा मोहही करू नये. एका घरच्या शस्त्रक्रियेला 50,000 दिले की बाकी 224 घरांची वर्षभराची गाडी बंद.

वर्गणी सरसकट 800 ठेवू नका. भूमिहीनाला 400, पाच एकरांवरच्याला 1,200 असं काहीतरी, गावाने बसून ठरवावं. सातबारा बघून ठरवलं तर वाद कमी होतात.

वेळ चुकली तर निधी बुडतो. आजार येतात पावसाळ्यात: ताप, साप आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीची विषबाधा. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कोणी विसरलेलं नाही. पैसा मात्र येतो दसऱ्यानंतर सोयाबीनचा आणि संक्रांतीच्या आगेमागे कापसाचा. म्हणून वर्गणी जानेवारी-फेब्रुवारीत गोळा करून वर्ष 1 मार्चला सुरू करावं. गडचिरोलीत तेंदूचे पैसे हाती येण्याच्या आसपास. पेसा गावांत, म्हणजे आदिवासी भागातल्या स्वशासनाच्या कायद्याखालच्या गावांत, 5 टक्के अबंध (गावाने स्वतः खर्च ठरवायच्या) निधीचा एक हिस्सा आरोग्य, स्वच्छता, शिक्षणासाठी असतोच, त्यातून भूमिहीनांची वर्गणी भरण्याचा ठराव ग्रामसभेने घेता येईल का, हे ग्रामसेवकासोबत तपासून पाहावं. वर्षाच्या मधे नवीन घर घेऊ नये, घेतलंच तर तीन महिने लाभ नाही. एवढी सक्ती नसेल तर लोक आजारी पडल्यावर पावती फाडायला येतात.

पावतीवरून आठवलं, तिच्यावर 'विमा' हा शब्द छापू नका. परवान्याशिवाय विम्याचा धंदा करता येत नाही आणि तो परवाना गावाच्या आवाक्यातला नाही. नोंदणीकृत संस्थेचा 'आरोग्य सहाय्य निधी' म्हणा, रकमेची हमी देऊ नका, 'निधीत शिल्लक असेपर्यंत, समितीच्या निर्णयाने' हे शब्द घाला आणि नियमावली एकदा वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या.

चालवताना बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, चिठ्ठी. तपासणीचा किंवा गाडीचा पैसा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरची किंवा एएनएमची (आरोग्यसेविकेची) चिठ्ठी असेल तरच मिळावा. ही अट नसेल तर गावातल्या डॉक्टरकडच्या सलाईनची बिलं येऊ लागतात, कारण आपल्याकडे सलाईन लागल्याशिवाय बरं वाटत नाही. आशाताईंना माहिती देण्याचं काम सांगा, रोकड मात्र त्यांच्या हाती देऊ नका. त्यांच्यावर आधीच पुरेसं ओझं आहे आणि पैशाचा संशय आला की त्यांचं मूळ कामही अडतं. दोन, दुसरं वर्ष. ज्या घरात वर्षभर कोणी आजारी पडलं नाही ते विचारतं, 'आम्हाला काय भेटलं?' त्याला देण्यासारखं काहीतरी ठेवावं लागतं. वर्षातून एकदा तिशीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासा, हिशेबाचा फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, नावं न लिहिता फक्त कारण आणि रक्कम. फलक नसलेल्या गावात अध्यक्षाच्या भाच्याला किती मिळाले याचीच चर्चा होते.

आता कौल. गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून अर्ध्या तासावर असेल, सरकारी मेडिकल कॉलेज हाकेच्या अंतरावर असेल आणि प्राथमिक केंद्रात गोळ्या नियमित मिळत असतील, तर निधीचा खटाटोप करू नका. कार्डाचं शिबिर घ्या आणि वर्षभरासाठी एक जाणता मुलगा मानधनावर ठेवा, जो रुग्णाबरोबर आरोग्यमित्राच्या टेबलापर्यंत जाईल. तेवढ्यात काम होतं. आडवळणाच्या गावाला, जिथे शहरात पाय ठेवेपर्यंतच दोन-तीन हजार उडतात, तिथे कार्डाखाली निधीचं अस्तर लावलेलं मला बरं वाटतं.

निधी सुरू करायचा की नाही हे ठरवायला एक तारीख धरा. फेब्रुवारीअखेर 225 च्या जागी 140 घरंच जमली, तर जमलेले पैसे पावतीनिशी परत करा आणि पुढच्या सुगीची वाट बघा.