स्टेटरला वार्निश: टाकीत बुडवायचं की धारेनं सोडायचं?

स्टेटरचं (मोटरीच्या न फिरणाऱ्या भागाचं) वाइंडिंग झालं, लेसिंग (तारा दोऱ्यानं बांधणं) झालं, मेगरही (इन्सुलेशन तपासायचं मीटर) चांगला दाखवतोय. आता तारा एकमेकींना घट्ट धरणारं वार्निश. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत अर्धा ते पाच एचपीच्या मोटरी काढणाऱ्या लहान शेडसमोर इथे दोन वाटा असतात. स्टेटर टाकीत बुडवून ओव्हनमध्ये भाजायचा, म्हणजे डिप. किंवा गरम स्टेटर फिरवत ठेवून वाइंडिंगवर रेझिनची (थिनर नसलेल्या वार्निशची) बारीक धार सोडायची, म्हणजे ट्रिकल. व्हॅक्यूम आणि दाबानं वार्निश आत भरणारं व्हीपीआय मोठ्या, हाय टेन्शन मशीनना शोभतं. या आकाराला तो खर्च परवडत नाही, म्हणून ते बाजूला.

टेस्ट बेंचवर या दोघांत फारसा फरक दिसणार नाही, हे आधीच सांगतो. ४१५ व्होल्टच्या मोटरीला एक मिनिट १८३० व्होल्ट लावले तर नीट डिप केलेला स्टेटरही टिकतो आणि नीट ट्रिकल केलेलाही. फरक आहे तो त्या बेंचपर्यंत पोचण्याच्या वाटेत.

डिपचं मोठेपण असं की त्याला काहीही चालतं. एक टाकी, एक ओव्हन आणि एक चेन पुली असली की कुठल्याही व्यासाचा, कुठल्याही लांबीचा स्टेटर आत जातो. आधी ११०-१२० अंशांवर तासभर तापवून ओल काढायची. पावसाळ्यात इथे दोन तास धरा, कारण स्लॉट पेपर (तारा बसतात त्या खाचांतला कागद) आणि लेसिंगचा दोरा हवेतली ओल पितात. मग ५०-६० अंशांपर्यंत थंड करून बुडवायचं. त्याहून गरम बुडवला तर थिनर उडतो, वार्निश वरच्यावर घट्ट होतं आणि स्लॉटचं तोंडच बंद होतं. बुडबुडे थांबेपर्यंत, निदान १५ मिनिटं आत ठेवायचा, अर्धा-पाऊण तास निथळू द्यायचा, मग १४०-१५० अंशांवर पाच-सहा तास. एवढं झाल्यावर स्टेटर उलटा टांगून हे सगळं पुन्हा एकदा.

दुसरा डिप चैन म्हणून नाही. थिनरवाल्या वार्निशचा जवळजवळ अर्धा भाग ओव्हनच्या चिमणीतून निघून जातो. शिवाय तापताना ते आधी पातळ होतं, मग घट्ट. त्या मधल्या वेळात स्लॉटमधलं बरंचसं खाली गळून जातं. एका डिपवर सोडलेला स्टेटर बाहेरून चकचकीत आणि आतून पोकळ असू शकतो. सुरू होताना गुणगुणणारी मोटर पुष्कळदा याच घराण्यातली. मे महिन्यात उघडी टाकी दुपारपर्यंत दाट होते. मग कुणीतरी अंदाजानं थिनर ओततो. म्हणून तळाला भोक असलेल्या बी-४ कपातून वार्निश किती सेकंदांत गळतं ते रोज सकाळी मोजायचं आणि भिंतीवर लिहायचं. थिनरमध्ये झायलीन असेल तर त्याचा फ्लॅश पॉइंट तिशीच्या आसपास असतो, आणि आपली शेड उन्हाळ्यात चाळिशीला असते. टाकीवर झाकण हवं आणि वेल्डिंग तिच्या जवळपास नको.

हे सगळं एक वेळ चालवून घेता येतं. मला डिपचं जमलं नाही ते खरवडण्यामुळे.

बुडवलेल्या स्टेटरला वार्निश सगळीकडे लागतं: वाइंडिंगला, स्टॅम्पिंगच्या (पत्र्यांच्या थप्पीच्या) बाहेरच्या अंगाला, बोअरला (रोटर फिरतो त्या पोकळीला) आणि लीडच्या टोकांनाही. ॲल्युमिनियमची बॉडी तापवून त्यात स्टेटर सोडताना बाहेरच्या अंगावर वार्निशचा एक वाळलेला ओघळ राहिला असेल, तर स्टेटर अर्ध्यात तिरका अडकतो. बॉडी तोवर आवळून बसलेली असते. पुढे ती कापण्यावाचून इलाज नाही. नशिबानं बसला तरी स्टेटर आणि बॉडी यांच्यामध्ये वार्निशचा पापुद्रा राहतो आणि उष्णता बाहेर जायला अडते. बोअरमध्ये तर वावच नाही. एअर गॅप जेमतेम ०.२५ ते ०.३५ मिमी, त्यात सुटलेला थेंब रोटरला घासतो.

म्हणून माणूस बसवून प्रत्येक स्टेटर साफ करायचा. घाईत तो पत्र्याची पट्टी सोडून कानस उचलतो, आणि कानशीनं स्टॅम्पिंगच्या कडा एकमेकींवर ओढल्या जातात. ज्या पत्र्यांमध्ये इन्सुलेशन राखण्यासाठी एवढी यातायात केली, तेच कडेला एक होतात, कोअर लॉस (पत्र्यांतच उष्णता होऊन वाया जाणारी वीज) वाढतो आणि ते मेगरवर दिसत नाही. एमरी पेपर वापरला तर भुकटी ओव्हरहँगमध्ये (स्लॉटबाहेर निघालेल्या तारांच्या वळणांत). बाहेरून ग्रीस लावून बुडवणारेही आहेत, पण ते ग्रीस टाकीत उतरतं आणि पुढच्या स्टेटरवर वार्निश धरत नाही. स्टेटर बॉडीत बसवून मग बुडवला तर बाहेरचं अंग वाचतं, पण स्पिगॉट (झाकण बसायची कड) आणि आटे वार्निशनं भरतात, आणि बॉडीच्या वजनापायी ओव्हनचं बिल वाढतं.

घड्याळ लावलेलं नाही, पण एका स्टेटरला आठ-दहा मिनिटं सहज जातात. दिवसाला साठ स्टेटर म्हणजे नुसतं खरवडण्यात एका माणसाचे आठ ते दहा तास.

ट्रिकलमध्ये धार फक्त ओव्हरहँगवर पडते, स्टॅम्पिंगवर नाही. तिन्ही फेज सिरीजमध्ये जोडून करंट सोडला की वाइंडिंग आतून तापतं. स्टेटर १५-२० अंश कलता ठेवून मिनिटाला २०-३० फेरे फिरवायचा. वरच्या ओव्हरहँगवर सोडलेलं रेझिन तारांमधल्या फटींतून शोषलं जात स्लॉटमधून खालच्या ओव्हरहँगला निघतं. मग कल उलटा करून दुसरी बाजू, शेवटी आडवा करून घट्ट होईपर्यंत फिरवत ठेवायचा. अर्ध्या तासात काम संपतं. रेझिनमध्ये उडून जाणारं थिनर नसल्यानं गेलं ते बहुतेक सगळं आतच राहतं, आणि एकाच फेरीत स्लॉट भरतो.

तापमान चुकलं तर मात्र सगळंच चुकतं. कमी असेल तर रेझिन घट्ट व्हायच्या आत वाहून जातं. जास्त असेल तर ओव्हरहँगमध्येच थिजतं आणि स्लॉटचा मधला भाग कोरडा राहतो. ते तापमान रेझिस्टन्सवरून काढायचं. तांब्याचा रेझिस्टन्स २३४.५ अधिक तापमान या प्रमाणात वाढतो असं धरलं तर ३० अंशांवरून १३० वर जाताना रेझिस्टन्स १.३८ पट होतो. पण मे महिन्यात स्टेटर आधीच ४० वर असतो. तेव्हाही १.३८ पटीलाच थांबलात तर वाइंडिंग १४४ च्या आसपास पोचलेलं असतं. तिथे १.३३ हवं. सुरुवातीचं तापमान लिहून न ठेवणाऱ्यानं ट्रिकलच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

बाकी कटकटीही आहेत. हार्डनर मिसळलेलं रेझिन थांबत नाही. नळीत राहिलं तर नळीच फेकायची. न मिसळलेलं पिंपही पत्र्याखालच्या उन्हाळ्यात लवकर दाट होतं, त्याला थंड खोली लागते. रेझिनमधल्या स्टायरीनचा वास उग्र असतो, एक्झॉस्ट हवाच. प्रत्येक व्यासाला वेगळं फिक्श्चर (स्टेटर धरायची पकड). आणि मध्येच वीज गेली की रेझिन एका बाजूला उतरतं, म्हणून फिरवणाऱ्या मोटरला तरी इन्व्हर्टर द्यावा. चार स्पिंडलचं मशीन आठ तासांत साधारण ६४ स्टेटर काढतं. डिपच्या टाकीतही तेवढे निघतात, फक्त दोन डिप धरून दीड दिवस मागे चालतात.

रिवाइंडिंगचं दुकान असेल, रोज वेगळी मोटर येत असेल, तर डिपच ठेवा; फिक्श्चर बनवता बनवता दमून जाल. पाणी भरलेल्या सबमर्सिबलला पॉलीवाली (प्लास्टिक चढवलेली) तार असते, तिथे वार्निशचा विषयच नाही. पण ठरावीक तीन-चार साइझ रोज निघत असतील, तर खरवडणाऱ्या माणसाचा पगार वर्षभराचा मांडून बघा आणि मग मशीनचं कोटेशन उघडा. रेझिनचा किलोमागचा भाव तेव्हा एवढा टोचत नाही.

डेमोला जाताना मशीनवाल्याकडचा स्टेटर घेऊ नका. आपल्या मालातला सगळ्यात लांब स्टॅकचा, सगळ्यात ठासून भरलेल्या स्लॉटचा न्या. रेझिन सोडायच्या आधी आणि नंतर त्याचं वजन घ्या आणि मग तो मधोमध कापायला सांगा. स्लॉटच्या मध्यात तारांमधल्या जागा भरलेल्या दिसल्या तरच पुढचं बोलणं.